जामेकाठची नांदती गावे : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या वस्तीचा इतिहास

मठाच्या वर्धापनदिनाच्या ह्या मंगल प्रसंगी मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत स्मारकग्रंथ निघत आहे, ही गोष्ट आपल्या परिसरास साजेशीच आहे. जाम नदीच्या काठी राहणाऱ्या मनुष्यास एका भाषेत घर चालवावे लागते आणि दुसऱ्या भाषेत अर्ज लिहावा लागतो. तेव्हा त्याच्या मठाचा ग्रंथही द्विभाषी असावा, ह्यात नवल नाही. अशा ग्रंथात इतिहासाचे प्रकरण म्हटले की राजवंशांची नामावळी, लढाया आणि तह ह्यांची अपेक्षा असते. परंतु दर्शनास येणारी कुटुंबे मठाच्या ओसरीवर बसून जे बोलतात त्यात राजे नसतात. तेथे बहुधा एकच विषय निघतो : मुलाने येथे राहावे की नागपूर-पुण्यास जावे, वाडा ठेवावा की विकावा, आता जिल्हा झाला आहे, तर गेलेली माणसे परत येतील काय? हा प्रश्न आजचा दिसतो. वस्तुतः माणसांना एखाद्या ठिकाणी वसवावयाचे तर त्यांना काय द्यावे लागते, ह्याचा विचार ह्याच भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी झालेला आहे, आणि त्या वेळचे उत्तर तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले आपल्या हाती आहे. त्या उत्तरापासूनच आरंभ करणे योग्य होईल.

तत्पूर्वी एका शब्दाविषयी थोडेसे. मराठीत 'राहणे' आणि 'नांदणे' ही दोन क्रियापदे निराळी आहेत. धर्मशाळेत मनुष्य राहतो, घरात नांदतो. नांदण्यात सुरक्षितपणा येतो, शेजार येतो, सणवार येतात, आणि पुढची पिढी येथेच वाढेल असा भरवसा येतो. आपले पूर्वज शेताला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणत. काळी पिकली म्हणजे मनुष्य जगतो. परंतु पांढरी नांदती असेल तरच तो तेथे टिकतो. प्रस्तुत लेखात जो इतिहास सांगावयाचा आहे तो पांढरीचा आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त ह्याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी आली. पतीच्या निधनानंतर मुलांच्या अल्पवयात तिने राज्याचा भार वाहिला. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन. महाराष्ट्री प्राकृतातील 'सेतुबंध' हे महाकाव्य परंपरेने ह्याच प्रवरसेनाचे मानले जाते, आणि बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी ज्या कवींना वंदन केले आहे त्यांत प्रवरसेनाच्या सेतूचा गौरव आहे. आपण जी मराठी बोलतो तिच्या पूर्वज भाषेत काव्य रचणारा हा राजा दानशूर होता. त्याचे जितके ताम्रपट सापडले आहेत तितके वाकाटक कुळातील दुसऱ्या कोणाचेही नाहीत. त्यांपैकी एक पांढुर्णा येथे सापडला आहे. तो त्याच्या राज्याच्या 29 व्या वर्षातील आहे. छिंदवाडा जिल्ह्यातच दुडिया येथे सापडलेला ताम्रपट 23 व्या वर्षातील, आणि शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील पट्टण येथील 27 व्या वर्षातील. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी ह्यांनी हे सर्व लेख एकत्र करून संपादिले व 1963 साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी 1957 साली त्यांनी 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा ग्रंथ मराठीत लिहून हा इतिहास सामान्य वाचकांच्या हाती दिला होता. नागपुरात राहून एका संस्कृत पंडिताने आपल्या ह्या कोपऱ्याचे भूतकाळातील स्थान निश्चित केले, हे ऋण आपल्यावर आहे.

ताम्रपट म्हणजे काय, हे पुष्कळांनी पाहिलेले नसते. तांब्याचे लांबट पत्रे, एका बाजूस छिद्र, त्यांतून ओवलेली कडी आणि त्या कडीवर राजमुद्रा. अक्षरांच्या माथ्यावर इवल्या चौकोनी पेट्या कोरलेल्या असतात. ही वाकाटक लेखांची ओळख. मजकूर संस्कृत. प्रथम वंशावळ, मग गावाचे वा जमिनीचे वर्णन, मग ज्याला दान द्यावयाचे त्याचे गोत्र व शाखा, आणि त्यानंतर येतो तो भाग, ज्यावर विद्यार्थी बहुधा घाईने नजर फिरवून पुढे जातात. तो सवलतींचा भाग आहे. लेखाचे मर्म त्यातच आहे.

वाकाटकांच्या दानपत्रांतून ह्या सवलती जवळजवळ ठराविक शब्दांत येतात. त्यांचा आशय असा : ह्या गावाने कर देऊ नये. राजाच्या शिपायांनी व हुजऱ्यांनी ह्यात प्रवेश करू नये. राजाची माणसे आली म्हणून गावकऱ्यांनी बैल, गाई पुरवाव्यात असे होऊ नये. फुले आणि दूध मागू नये. त्यांच्या जनावरांसाठी चारा, बसण्यासाठी कातडे, शेकोटीसाठी कोळसा घेऊ नये. मीठ व खाण ह्यांवरचा राजाचा हक्क येथे चालणार नाही. सर्व प्रकारच्या वेठीतून हे गाव मुक्त आहे. जमिनीत पुरलेले धन निघाले तर तेही गावाचे.

ही यादी उलट्या बाजूने वाचून पाहावी. जे जे माफ केले आहे ते ते इतरत्र वसूल होत होते. पाचव्या शतकात मनुष्य गाव सोडून का जात असे, ह्याचे इतके नेमके वर्णन एखाद्या काव्यात सापडणार नाही. शिपाई दारात येतो. गोठ्यातला बैल सोडून नेतो. सकाळचे दूध मागतो. रात्री कोळसा मागतो. राजाने देवळे बांधून दिली किंवा रस्ते रुंद केले म्हणून वस्ती नांदती होईल, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांस वाटले नाही. त्यांनी प्रथम उपद्रव काढून घेतला. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ही दाने वेदविद्या जाणणाऱ्या ब्राह्मणांना होती. काळी कसणाऱ्या कुणब्याचे, तेल गाळणाऱ्या तेल्याचे, सूत विणणाऱ्या कोष्ट्याचे नाव दानपत्रांत शोधूनही मिळत नाही. सवलत पांढरीच्या मालकास मिळाली. कसणाऱ्यास तिचा किती अंश पोचला, ह्याविषयी तांबे गप्प आहे. आजचे कोणतेही पुनरुज्जीवन जर असेच अर्ध्या गावापुरते राहणार असेल तर त्याचे कौतुक आपण बेताने करावे.

अचलपूरजवळील चम्मक गावी शेत नांगरताना सापडलेला प्रवरसेनाचाच दुसरा एक ताम्रपट ह्याहून बोलका आहे. मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, आठ हजार भूमी मोजमापाचे, एक हजार ब्राह्मणांना दिल्याचा तो लेख. एवढ्या मोठ्या संख्येला एकत्र वसविताना राजाने अटीही घातल्या. वसणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये. हत्या, चोरी, व्यभिचार ह्यांपासून दूर राहावे. युद्ध पुकारू नये. आणि इतर गावांना अपाय करू नये. चंद्र-सूर्य असेतो दान चालेल, पण ह्या अटी मोडल्या किंवा मोडणाऱ्यास संमती दिली तर राजाने जमीन काढून घेणे ही चोरी ठरणार नाही. 'इतर गावांना अपाय करू नये' ह्या कलमाकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

पट्टणचा लेख मठाच्या भक्तांना विशेष जवळचा वाटेल. त्यात चारशे निवर्तने जमीन एका सत्रास, म्हणजे अन्नछत्रास, दिलेली आहे. महापुरुष विष्णूच्या नावाने चालणाऱ्या त्या सत्रात येणाऱ्याजाणाऱ्यास अन्न मिळत असे. पांढुर्ण्याच्या शेजारीच, वर्धेच्या उगमाच्या मुलखात, पाचव्या शतकात अन्नछत्र चालत होते, आणि त्याची तरतूद वर्गणीवर न ठेवता जमिनीच्या उत्पन्नावर ठेवली होती. आपल्या प्रसादगृहाचा कारभार पाहणाऱ्यांनी ह्या दूरदृष्टीची दखल घेण्यासारखी आहे. त्या लेखाच्या लेखकाचे नाव कालिदास असे आहे. नाव ऐकून पाठशाळेतील मुले दरवर्षी हर्षभरित होतात आणि दरवर्षी त्यांना सांगावे लागते की हा शासन लिहिणारा कारकून. 'मेघदूता'चा कर्ता हा नव्हे. तथापि ते नाव ह्या प्रदेशात त्या काळी रूढ होते, एवढे समाधान मुलांना द्यावयास हरकत नाही.

ह्या सर्व दानपत्रांचे केंद्र प्रवरपूर. मिराशींनी ते वर्ध्याजवळील पवनार येथे मानले. पुढे रामटेकजवळील मनसर येथे उत्खननात भव्य अवशेष निघाल्यापासून अनेक अभ्यासक प्रवरपूर तेथे मानतात. वाद विद्वानांचा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतके की दोन्ही स्थळे घाटाखालच्या मैदानात, आपल्या दक्षिणेस आहेत. जामेकाठची गावे तेव्हापासून दक्षिणेकडे तोंड करून उभी आहेत.

हे दिशेचे सूत्र पुढेही सुटत नाही. मोगलकाळात ह्या मुलखाची गादी घाटावर, छिंदवाड्याजवळच्या देवगड किल्ल्यात होती. तेथील गोंड राजा बख्त बुलंद ह्याने 1702 च्या सुमारास लहान लहान वाड्या एकत्र करून नागपूर वसविले, म्हणजे डोंगरातील राजानेच आपल्या प्रजेचे तोंड मैदानाकडे वळविले. अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी ते राज्य ताब्यात घेतले आणि मराठी कारभार, मोडी दप्तर, वतनदारी ह्यांची घडी येथे बसली. 1854 साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. इंग्रजी कारभारात छिंदवाडा जिल्ह्याचे 'बालाघाट' व 'जेरघाट' असे दोन भाग मानले जात. घाटावरचा डोंगराळ मुलूख तो बालाघाट आणि घाटाखालचा सौंसर तहसिलीचा मुलूख तो जेरघाट. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीतच होते. जिल्हा एक, पण माती निराळी, भाषा निराळी, बाजारपेठ निराळी. वर गोंडी, हिंदी व जंगल. खाली काळी कसदार जमीन, कापूस, ज्वारी आणि मराठी. लोधीखेड्याची तांब्या-पितळेची भांडी, मोहगावचे सर्पेकाठचे अर्धनारीश्वराचे देवस्थान, रामाकोन्याजवळची कन्हान, पांढुर्ण्याचे कापसाचे जिनिंग कारखाने, असा तो जेरघाट लहान लहान पेठांनी भरलेला होता. 1913 च्या सुमारास नागपूर-छिंदवाडा अरुंद लोहमार्ग सौंसरवरून गेला; 1920 नंतरच्या दशकात नागपूर-इटारसी मोठा लोहमार्ग पांढुर्ण्यावरून गेला. एका गावास छोटी गाडी मिळाली, दुसऱ्यास मोठी. ह्या दोन बहिणींच्या दैवातील अंतर पुष्कळसे येथेच पडले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

1956 ह्या वर्षाने ह्या परिसराचा स्वभाव बदलला. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर तोवर मध्यप्रदेशाची राजधानी होते. ते विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह मुंबई राज्यात गेले आणि 1960 साली महाराष्ट्रात आले. पुनर्रचनेत सामान्यतः जिल्हा हे एकक धरले गेले. छिंदवाडा जिल्हा बहुतांशी हिंदी, म्हणून तो सबंध मध्यप्रदेशात राहिला, आणि त्याच्यासह घाटाखालची मराठी तहसीलही राहिली. दीड हजार वर्षे ज्या दिशेस तोंड करून आपण बसलो होतो त्या दिशेस सीमा आली. आजारी मनुष्य नागपुरास न्यावयाचा, लग्नाचा बस्ता नागपुरास, मुलीचे सासर काटोल-सावनेरास. परंतु सातबारा, शाळा, कचेरी आणि राजधानी मात्र उलट बाजूस. शंभर किलोमीटरच्या आतले नागपूर परराज्य झाले आणि अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे भोपाळ घरचे. ह्यात कोणी कोणाशी दुष्टावा केला असे म्हणता येत नाही; एकक जिल्हा धरले की अशा गोष्टी घडतात. पण परिणाम असा झाला की दोन पिढ्या ह्या गावांची गणना कोठेच मनापासून झाली नाही. तिकडच्यांना आपण मध्यप्रदेशी. इकडच्यांना आपण मराठी.

मराठी शिकवणाऱ्या शाळा रोडावल्या, आणि घरात मराठी बोलणारी परंतु मराठी लिहिता न येणारी पिढी तयार झाली. पाठशाळेत येणाऱ्या मुलांत हे दिसते. त्यांना देवनागरी उत्तम येते. 'ळ' हे अक्षर मात्र ती बोलतात आणि लिहिताना 'ल' लिहितात. आजीचे नाव कागदावर चुकते. ह्यास कोणी क्षुल्लक म्हणेल. नांदण्याच्या दृष्टीने ते क्षुल्लक नाही. ज्या गावात स्वतःच्या भाषेत पत्र लिहिता येत नाही, त्या गावाशी बाहेर गेलेल्या मुलाचे नाते बोलण्यापुरते उरते.

तरीही लोक येथे राहिले. ते का राहिले, हे पाहिल्याशिवाय गावाचे आकर्षण समजणार नाही. पहिले कारण काळी. पुढे ह्या मातीत संत्रा रुजला. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून कलमे आणविली अशी परंपरा आहे. आंब्या बहाराची फळे दिवाळीच्या मागेपुढे उतरतात, मृगाची फळे उन्हाळ्याच्या तोंडी. त्यामुळे वर्षातून दोनदा गावात पैसा आणि मजूर दोन्ही येतात. संत्र्याचे झाड लावणारा मनुष्य चारपाच वर्षे थांबण्याची तयारी ठेवूनच ते लावतो. ज्या गावात अशी थांबण्याची सवय असलेली माणसे पुष्कळ असतात त्या गावाचा स्वभाव निराळा असतो. भूगर्भातील पाणी वर्षानुवर्षे खाली जात आहे, ही चिंता अर्थातच आहे, आणि ती संत्र्याच्या कौतुकात झाकून ठेवण्यासारखी नाही.

दुसरे कारण आकार. 2011 च्या जनगणनेत पांढुर्ण्याची लोकसंख्या सुमारे 45 हजार होती. सौंसर त्याहून लहान. एवढ्या गावात मनुष्य स्टेशनापासून देवळापर्यंत पायी जातो आणि वाटेत चार ठिकाणी थांबतो. दुकानदार वडिलांचे नाव घेऊन हाक मारतो. औषधाच्या दुकानात उधारी चालते. वृद्ध मनुष्य दोन दिवस कट्ट्यावर दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी दार ठोठावते. मोठ्या शहरांत ह्या गोष्टी पैसे देऊनही मिळत नाहीत, म्हणूनच जगभर मध्यम आकाराच्या जुन्या शहरांकडे माणसे पुन्हा वळू लागली आहेत असे आपण वाचतो. अर्थात दुसरीही बाजू आहे. दार ठोठावणारा तोच शेजारी सुनेने काय नेसले ह्याचीही चौकशी करतो. तरुण मुले गाव सोडतात ती केवळ नोकरीसाठी सोडतात असे नाही. मोठ्यांनी हे समजून घेतले तर बरे.

तिसरे कारण उद्योग. सौंसर तहसिलीत बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र झाले आणि 1991 साली रेमंड कंपनीची कापडगिरणी तेथे सुरू झाली. पाळी संपवून मनुष्य संध्याकाळी स्वतःच्या घरी परत येतो, हे चित्र ह्या भागात त्या वेळी नवे होते.

मधली काही वर्षे मात्र सौंसरास कठीण गेली. अरुंद लोहमार्गावरील गाड्या 2015 च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाल्या. त्या गाडीने दूध जाई, भाजी जाई, नोकरदार जात. काम टप्प्याटप्प्याने काही वर्षे चालले. शेवटी रुंद मार्गावर गाड्या पुन्हा धावू लागल्या. छोटी गाडी हळू होती, परंतु प्रत्येक लहान गावात थांबत होती. नवी जलद आहे. वेग आणि थांबा ह्यांचा हा सौदा आहे, आणि लहान वाड्यांच्या वाट्यास त्यातला तोटा अधिक आला.

आणि मग 2023. त्या वर्षीच्या 24 ऑगस्टला तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान ह्यांनी जामसावळी येथे पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. इंग्रजी दप्तरातला जेरघाट अशा रीतीने दीडशे वर्षांनी स्वतःच्या पायावर उभा राहिला. 1956 साली ज्या एककामुळे आपली गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही ते एकक आता आपलेच झाले. घाट चढून छिंदवाड्यास दाखल्यासाठी जाणे सुटले, एवढेच जरी म्हटले तरी ते थोडे नाही.

परंतु जिल्हा झाला म्हणजे नगर नांदते झाले, असे समजणे घाईचे होईल. कचेरीमुळे अधिकारी येतात. त्यांची कुटुंबे नागपुरास राहिली आणि ते सकाळी येऊन सायंकाळी परतू लागले तर गावात भाडी वाढतील आणि शेजार वाढणार नाही. जमिनीचे भाव चढले आहेत, वाडे पाडून दुकानांचे गाळे बांधण्याची घाई आहे. वाड्याचे लाकूड विकून जे मिळते ते एकदाच मिळते.

पुनरुज्जीवित झालेल्या जुन्या गावांची उदाहरणे पाहिली तर काय टिकते ते दिसते. जवळचे उदाहरण रामटेकचे. वाकाटकांच्या त्या क्षेत्री 1997 साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले, आणि यात्रेच्या दिवसांपुरते जागणारे गाव विद्यार्थ्यांचेही झाले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे आणि महानुभावांच्या आद्य मराठी ग्रंथरचनेचे स्थान. तेथे नुकतेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. प्रभावतीगुप्तेचाही एक ताम्रपट त्याच रिद्धपुरात सापडला होता, हे ऐकून पाठशाळेतील मुलांचे डोळे चमकतात. शेगावविषयी भक्तांस सांगावयाची आवश्यकता नाही. तेथील संस्थानाने दर्शनाच्या रांगेइतकीच काळजी स्वच्छतेची, औषधोपचाराची आणि शिक्षणाची घेतली, म्हणून ते गाव यात्रेकरूंचे राहूनही रहिवाशांचे राहिले.

दूरचे एक उदाहरण टाळवत नाही, कारण ते पाठशाळेचे आहे. कृष्णाकाठची वाई ही पेशवाईतील सरदारांच्या घाटांनी व देवळांनी सजलेली. पेशवाई गेली आणि ती मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे, पुढील काळातील केवलानंद सरस्वती, ह्यांनी तेथे प्राज्ञपाठशाळा चालविली. तिच्यात जुन्या शास्त्रांबरोबर नव्या काळाचे प्रश्नही शिकविले जात. विनोबा भावे 1917 साली आश्रमातून रजा घेऊन तेथे शिकावयास गेले. लक्ष्मणशास्त्री जोशी कुमारवयात तेथे आले आणि आयुष्यभर तेथलेच झाले. धर्मकोशाचे खंड तेथून निघाले, आणि मराठी विश्वकोशाची संपादनकचेरी मुंबईपुण्यास न जाता वाईस राहिली. 1976 साली विश्वकोशाचा पहिला खंड आला. विद्वान माणसे कुटुंबांसह त्या लहान गावात राहावयास गेली, कारण करण्याजोगे काम तेथे होते. घाट जुनेच होते. नांदणारी माणसे नवी आली.

जामसावळीकडे ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताचे ते स्थान मराठी व हिंदी दोन्ही भाविकांचे आहे. व्याधिग्रस्त मनुष्यास घेऊन नातलग तेथे दिवसचे दिवस मुक्काम करतात. 2023 च्या त्याच ऑगस्टमध्ये तेथे 'हनुमान लोक' उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. क्षेत्राचे वैभव वाढावे ही सर्वांचीच इच्छा. भक्तांनी एवढेच पाहावे की सौंसरच्या माणसास तेथे फुलांचे दुकान, मुक्कामाची खोली, वाटाड्याचे काम मिळते की सर्व ठेके बाहेरून येतात; आणि आजाऱ्यास घेऊन आलेल्या कुटुंबास जवळ चांगला वैद्य मिळतो की नाही. पट्टणच्या सत्राचे उत्पन्न त्याच भूमीतील चारशे निवर्तनांचे होते.

आता चम्मकच्या कलमाकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मध्यभागी पळसाचे खोड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे, दुसऱ्यावर सावरगावचे लोक. दिवसभर परस्परांवर दगड. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली आणि नदीत दोघांवर दगड पडले, अशी दंतकथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी करून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. देवीवरील श्रद्धेविषयी शिष्याने काही बोलावे असे नाही. चंडीचे पूजन व्हावे, झेंडाही मिरवावा. परंतु दगडास शास्त्राचा आधार कोठे आहे, असे कोणी विचारले तर पाठशाळेस तो सांगता येणार नाही. उलट ह्याच भूमीत राज्य करणाऱ्या राजाने वस्तीची अट म्हणून 'दुसऱ्या गावास अपाय करू नये' असे तांब्यावर कोरून ठेवले, हे मात्र सांगता येते. बाहेर राहणारा मुलगा सणाला घरी यावा आणि आईने त्याला दिवसभर दारात अडवून धरावे, हे नांदत्या गावाचे लक्षण नव्हे. सावरगाव व पांढुर्णा आज वस्तीने जोडले गेले आहेत. एका काठची मुलगी दुसऱ्या काठी सुखाने सून म्हणून जाते. दंतकथेतील भांडण ज्या गोष्टीवरून झाले ती गोष्ट आता अक्षता टाकून होते.

शेवटी भक्तांस एक विनंती. आपल्या परिसरातील घरांत मोडी कागद, वतनाच्या सनदा, जुन्या पोथ्या अजून आहेत, आणि वाडा पाडताना किंवा विहीर खणताना त्या बाहेर येतात. नांगरास लागलेले तांब्याचे पत्रे भंगारात गेल्याच्या आणि वितळविले गेल्याच्या गोष्टी विदर्भात सर्वत्र ऐकू येतात. कागद असतील तर ते कोरड्या जागी, कापडात बांधून ठेवावेत. मोडी वाचणारा मनुष्य शोधून एकदा वाचून घ्यावेत. जमिनीतून काही निघाले तर ते घासून चकचकीत करू नये, घासल्याने अक्षरे जातात. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे अशा वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी घाट चढून छिंदवाड्यास जावे लागे आणि पुष्कळजण तो खटाटोप टाळीत. आता ती कचेरी पांढुर्ण्यातच आहे.